आखजीपर्यंत पुरेल असा चेहरा

चेहरा उजळायला पीआरपी टोचून घ्यायचं तर क्लिनिकच्या खुर्चीत टेकल्या टेकल्या पहिला प्रश्न हाच टाकायचा: "डॉक्टर, टिकतं किती?" लाजायचं कारण नाही. आपण जळगावची माणसं. बोअरची मोटार घेताना गॅरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का मारून घेतो, मग स्वतःचं तोंड काय बिनगॅरंटीचं टोचून घ्यायचं? डॉक्टर म्हणतील, "साधारण सहा महिने ते वर्षभर. एखाद्याचं दीड वर्षही जातं." यातला शेवटचा आकडा तेवढा लक्षात ठेवा. घरी सांगताना त्याची दोन वर्षं करा, म्हणजे खर्चाचा हिशेब नवऱ्याच्या गळी उतरतो.

त्यापुढे डॉक्टर जे सांगतात ते ऐकायची गरज नाही. तेवढ्या वेळात व्हॉट्सॲप बघून होतं. मी चुकून ऐकलं. पीआरपी, म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा, रक्तातलं प्लेटलेट पेशींनी भरलेलं पाणी, आपल्याच दंडातून काढतात. दहा-वीस मिलिलिटर रक्त, नळीत घालून यंत्रात गरागरा फिरवायचं. आपल्या डेअरीत दुधाची साय काढायचं सेपरेटर असतं ना, तोच न्याय. नळी बाहेर आली तेव्हा मी निरखून पाहिली: तळाला दाट लाल थर, मध्ये पांढरट पापुद्रा आणि वर वरण-बट्टीच्या वरणावर निवळ तरंगते तसं पिवळसर पाणी. त्या पाण्यात प्लेटलेट नेहमीच्या तीन ते पाच पट. तेच मग बारीक सुयांनी चेहऱ्यात उतरवतात. इतके हजार मोजून माझ्याच अंगातली वस्तू मलाच परत मिळाली. तेवढ्यात नथ आली असती, हे वेगळं सांगायला नको.

गंमत पुढे आहे. प्लेटलेटचं आयुष्य आठ-दहा दिवसांचं. जागी झाली की पोटातली वाढीची द्रव्यं ती बहुतेक पहिल्या तासाभरातच सोडून मोकळी होते. म्हणजे जे टोचलं ते काही टिकत नाही. त्या सांगाव्यावरून त्वचा जे नवं कोलॅजन, म्हणजे तिला घट्ट धरणारं प्रथिन, विणते ते टिकतं, आणि ते विणायला तिला दोन-तीन महिने लागतात. म्हणून महिना-महिना अंतराने तीन बैठका, मग थांबायचं, मग वर्षातून एक-दोनदा उजळणी. त्यातही सुधारतो तो पोत आणि बारीक सुरकुत्या. लोंबलेले गाल काही वर जात नाहीत, त्यासाठी पीआरपीला दोष देऊ नये. एवढी सावकाशी कुणाला परवडते? कपाशीला युरिया टाकला की आठवड्यात पान हिरवं दिसलं पाहिजे.

तेव्हा वेळापत्रक माझ्याकडून घ्या. शहाण्या बाईने दिवाळी झाली की पहिली बैठक घेतली, मार्गशीर्ष-पौषात उरलेल्या दोन उरकल्या, तर आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरच्या झोक्यावर बसेपर्यंत चेहरा ऐन भरात येतो आणि पुढच्या दिवाळीच्या आसपास पुरतो. तुम्ही तसं करू नका. पुतण्याच्या हळदीच्या आधी चार दिवस जा, मी गेले तशा. "एकाच बैठकीत ग्लो येईल ना?" विचारलं तर काउंटरवरच्या मुलीने गोड हसून पावती फाडली. डोकेदुखीसाठी रोज ॲस्पिरिन घेते, हे तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळीची बातमी आधी द्यायची असते, पण घरच्या गोष्टी बाहेर कशाला? परिणामी डोळ्याखाली दोन निळे-जांभळे डाग उठले, गाल लालबुंद. पारोळ्याच्या मोठ्या जाऊबाईंनी मांडवातच हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं. "काय व, गांधीनमाशी चावनी का तुले?" आणि त्या ताज्या टोचलेल्या गालांवर पहिली हळद त्यांनीच चोळली.

आता टिकवायचं कसं. सोपं आहे. वैशाखात पारा चव्वेचाळीसवर असताना दुपारी बाराला लग्न लावा आणि वरातीत उघड्या तोंडाने नाचा. उन्हाने कोलॅजन तुटतं, म्हणजे नवं विणलेलं तिथल्या तिथे खर्ची पडतं. सनस्क्रीन हे पुण्या-मुंबईचं खूळ. आमच्या रावेर-यावलकडे केळीच्या घडाला ऊन-धूळ लागू नये म्हणून बागायतदार घडाघडाला स्कर्टिंग बॅग घालतो. का, तर सालीवर डाग पडला की भाव पडतो. तोच बागायतदार स्वतः उघड्या डोक्याने बांधावर उभा, बोटांत विडी. विडीनेही त्वचेची तीच गत होते, पण त्याला भाव विचारायला व्यापारी येत नाही ना.

आणि स्वस्तात करायचं असेल तर आणखी सोपं. पाटी बघू नका, डिग्री विचारू नका, सुई पाकिटातून समोर काढली का ते तर अजिबात बघू नका, समोरच्याला वाईट वाटतं. २०१३ मध्ये अमेरिकी टीव्हीतारका किम कार्दाशियनने रक्ताळलेल्या चेहऱ्याचा फोटो टाकला आणि हे 'व्हॅम्पायर फेशियल' घराघरांत पोचलं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या अल्बुकर्कच्या एका विनापरवाना स्पामध्येही ते होत असे. २०१८ मध्ये तो बंद झाला, आणि तिथे गेलेल्या काही बायकांना त्या फेशियलमधूनच एचआयव्हीची लागण झाली असावी, असं तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलं. ते मात्र दीड वर्षात उतरत नाही.

माझं म्हणाल तर उरलेल्या दोन बैठका मी घेतल्याच नाहीत. एकाच बैठकीचं जे काय आलं होतं ते पावसाळ्यात कुठे गेलं कळलंही नाही. थंडीत शेतात भरीत पार्टी होती. मी आणि जाऊबाई भरताच्या वांग्यांना सुरीने टोचे मारत बसलो होतो; टोचे न मारता कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर टाकलं की वांगं फुटतं. जाऊबाईंनी एक वांगं हातात फिरवलं, मग इकडे-तिकडे पाहून आवाज खाली आणला.

"कितला दिन टिकस व ते?"

"दीड वर्ष," म्हटलं, आणि पुढचं वांगं उचललं.