बायकांसाठी युनियनने काय केलं? एका फॉरवर्डला उत्तर

8 मार्च जवळ आला की एक मेसेज हमखास फिरतो. शब्द बदलतात, आशय तोच. बाळंतपणाची रजा, समान पगार, लग्नानंतरही टिकणारी नोकरी हे सगळं पुढारलेल्या कंपन्यांनी आणि शहाण्या सरकारांनी आपणहून दिलं. युनियन म्हणजे पुरुषांचा आखाडा, बायका तिथे मोर्च्याला गर्दी म्हणून. उलट युनियनच्या मागण्यांपायीच गिरण्यांतून बायका गेल्या. यात अर्धसत्य पुरेसं मिसळलेलं आहे, म्हणूनच तो खपतो.

"कंपन्यांनी आपणहून दिलं." इंटरनॅशनल फ्रँचायझीज नावाच्या औषध कंपनीत पॅकिंग-लेबलिंगच्या खात्यात एक नियम होता: मुलीचं लग्न झालं की तिची नोकरी आपोआप संपली. नियम काढून टाका, अशी मागणी बॉम्बे लेबर युनियनने लावून धरली. औद्योगिक वाद ऐकणाऱ्या ट्रायब्युनलने ती फेटाळली. युनियन तिथे थांबली नाही, सुप्रीम कोर्टात गेली.

कंपनीची बाजू वाचण्यासारखी आहे. या खात्यात काम गटाने चालतं, सगळ्यांची हजेरी लागते, आणि लग्न झालेल्या बायका जास्त दांड्या मारतात, असं तिचं म्हणणं. पण विधवांना त्याच खात्यात मज्जाव नव्हता! कोर्टाने नेमकं तिथेच बोट ठेवलं. मुलाबाळांमुळे गैरहजेरी वाढते म्हणावं, तर मुलं असलेल्या विधवेचीही वाढायला हवी. गटाने करायचं काम लग्न झालेल्या बाईला जमणार नाही, असंही काही नाही. फरक उरतो तो फक्त बाळंतपणाच्या रजेचा, आणि त्यासाठी थोड्या जादा बायका राखीव ठेवल्या की भागतं. इतर औषध कंपन्यांतही हाच नियम आहे, अशी सबब कंपनीने पुढे केली होती. नियम मुळात समर्थनीय नसेल तर तो दुसरीकडे आहे म्हणून ठीक ठरत नाही, असं सांगून कोर्टाने 1965 मध्ये तो मोडीत काढला. पुढारलेल्या कंपन्यांबद्दल ज्यांना फार उमाळा येतो त्यांनी ती सबब पुन्हा वाचावी. एका कंपनीची नव्हे, धंद्यातल्या रीतीचीच ती कबुली आहे.

"सरकारने दिलं." कायदे सरकारने केले हे खरंच. पण मागणी कुठून आली ते पाहा. बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक केंद्रीय कायदेमंडळात 1924 मध्ये आणलं ते ना. म. जोशींनी, कामगार चळवळीतल्या माणसाने, आणि ते फेटाळलं गेलं. मुंबई प्रांतात कायदा व्हायला 1929 उजाडलं. आता सरकार स्वतः मालक असतं तेव्हाचं बघू. एअर इंडिया तेव्हा सरकारी होती, आणि तिच्या हवाई सुंदरींसाठी नियम असे: वयाच्या 35 व्या वर्षी निवृत्ती, त्याआधी पहिल्या चार वर्षांत लग्न केलं किंवा पहिल्यांदा दिवस गेले तरी नोकरी खलास. 1981 मध्ये सुप्रीम कोर्टाने गरोदरपणाचं कलम रद्द केलं, चार वर्षांच्या लग्नबंदीचं मात्र राहू दिलं. दिल्ली महापालिकेने तर मस्टरवर, म्हणजे रोजंदारीवर, राबणाऱ्या बायकांना बाळंतपणाची रजाच नाकारली. त्या कायम नाहीत, म्हणून बाळंतपणाच्या रजेचा 1961 चा कायदा त्यांना लागू नाही, हे कारण. त्यांचं प्रकरण दिल्ली म्युनिसिपल वर्कर्स युनियनने हाती घेतलं. निकाल बायकांच्या बाजूने लागला, तारीख 8 मार्च 2000. मेसेज पाठवण्याचा मुहूर्त निदान या निकालाशी तरी जुळतो.

"युनियनमुळे गिरण्यांतून बायका गेल्या." गेल्या हे खरं. 1920 च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचवा हिस्सा बायकांचा होता, मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत, नायकिणीच्या, म्हणजे बाई मुकादमाच्या, हाताखाली. पुढे तो आकडा घसरतच गेला. नवी यंत्रं आली, खाती आटली, बायकांना रात्रपाळीची बंदी होती, आणि बाळंतपणाचा भत्ता द्यायचा म्हणजे बाई महाग, हा हिशेब मालकांनी केला. मेसेजमध्ये हिशेब आहे, तो करणारा मात्र गायब आहे. 1928-29 च्या संपांत याच गिरण्यांतल्या बायकांना उषाबाई डांगे आणि पार्वतीबाई भोर यांनी रस्त्यावर आणलं होतं. त्यांना गर्दी म्हणणाऱ्याने निदान नावं तरी वाचावीत. युनियनला दोष द्यायचाच तर हा द्या की, छाटणी आली तेव्हा पुरुषांच्या नोकऱ्या आधी वाचवल्या गेल्या आणि बायकांसाठी तेवढा जोर लागला नाही.

म्हणजे "पुरुषांचा आखाडा" हा मुद्दा बऱ्याच अंशी मान्य करावा लागतो. मॅकिनन मॅकेंझी या कंपनीत लेडी स्टेनोंची पगारश्रेणी पुरुष स्टेनोंपेक्षा कमी होती, आणि ती ठरली होती 1975 मध्ये कर्मचारी युनियनशी झालेल्या करारात. ऑड्री डिकॉस्टा यांनी समान वेतन कायद्याखाली दाद मागितली तेव्हा कंपनीने तोच करार ढाल म्हणून पुढे केला. लेडी स्टेनो साहेबांच्या गोपनीय कामाला, म्हणून त्यांचं काम वेगळं, असंही सांगून पाहिलं. पैसे परवडत नाहीत, असंही. 1987 मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळंच नाकारलं. युनियनची सही असली तरी कायद्यापुढे असा करार चालत नाही. इथे युनियन चुकीच्या बाजूला होती, यावर पांघरूण घालण्याचं कारण नाही.

पण पुरुषांच्या युनियनवर बायकांनी काढलेला तोडगा युनियन सोडण्याचा नव्हता. अहमदाबादच्या मजूर महाजन या गिरणी कामगारांच्या युनियनमध्ये महिला विभाग सांभाळणाऱ्या इला भट्ट यांनी डोक्यावरून कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या, जुने कपडे विकणाऱ्या बायकांची वेगळी संघटना बांधली, सेवा. नोंदणीला गेल्यावर कामगार खात्याने विचारलं, तुमचा मालक कोण? मालकच नाही तर लढणार कुणाशी? बायकांनी वाद घातला आणि 1972 च्या एप्रिलमध्ये नोंदणी मिळवली. राखीव जागांच्या वादात सेवा दलितांच्या बाजूने उभी राहिली, तेव्हा 1981 मध्ये मजूर महाजनाने तिला बाहेर काढलं. सेवा त्यानंतरही युनियन म्हणूनच चालत राहिली.