पुराच्या प्रशिक्षणात खेळ कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

पूर-प्रशिक्षणात पडद्यावरचा प्रश्नांचा खेळ कसा घेते, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. आपण नाव दिलेलं नाही, 'कृष्णाकाठचा निवृत्त शिक्षक' एवढीच सही आहे, म्हणून सर म्हणते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी आपलं म्हणणं थोडक्यात सांगते. २०१९ चा पूर ज्या गावांनी अंगावर घेतला, तिथे रंगीत चौकोन लावून 'करोडपती' खेळणं शोभत नाही. अशा खेळात चार बोलकी पोरंच बोलतात, मागच्या बायका गप्प राहतात. आणि घरी जाताना लोकांच्या डोक्यात गुण राहतात, विषय राहत नाही. नीट समजावून सांगणारा माणूस असेल तर खेळाची गरज पडत नाही, असं आपण शेवटी लिहिलंय.

यातला दुसरा मुद्दा पूर्ण बरोबर आहे. त्यावर पुढे सविस्तर लिहिते. पण शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण चार वर्षं मीसुद्धा नीट समजावूनच सांगत होते.

पलूस तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये मी पुराच्या तयारीवर बोलले. तरुण मंडळाची मुलं, आशाताई, बचत गटाच्या बायका, काही वयस्कर शेतकरी, मिळून चाळीसेक माणसं होती. पाणी चढलं की साप माळ्यावर येतात, म्हणून सर्पदंशाला चांगली दहा मिनिटं दिली. दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, हातपाय हलवू देऊ नका, सरळ सरकारी दवाखाना गाठा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी समाधानाने सांगलीला परत आले.

पुढच्या मे महिन्यात त्याच हॉलमध्ये, बऱ्याचशा त्याच माणसांसमोर, पहिल्यांदा खेळ लावला. प्रश्न तोच: शेतात सोबत्याला साप चावला, पहिलं काम काय? अ, चावल्याच्या वर दोरी घट्ट आवळायची. ब, चिरा देऊन रक्त काढायचं. क, त्याला आडवं करून, तो अवयव न हलवता दवाखान्यात न्यायचं. ड, साप मारून सोबत घ्यायचा. आठ गटांपैकी सहा गटांनी 'अ' सांगितलं. सत्तरीतले एक आजोबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, दोरी न्हाय आवळली तर इख काळजात चढतंय की! हे काय इचारायचं झालं?"

वर्षभरापूर्वी डोलावलेल्या मानांमध्ये आजोबांचीही मान होती. ते खोटं वागले नव्हते. माझं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं होतं आणि लहानपणापासून पाहिलेलं त्याच्या खाली तसंच शाबूत राहिलं होतं. मी बोलत राहिले असते तर ते मला कधीच दिसलं नसतं. प्रश्न विचारला, उत्तरावर ठाम राहायला लावलं, तेव्हा ते वर आलं. मग पुढची स्लाइड उघडली: घट्ट आवळल्याने रक्तपुरवठा तुटतो, हात किंवा पाय कायमचा निकामी होऊ शकतो, आणि दोरी सोडल्यावर अडकलेलं विष एकदम अंगात जाऊ शकतं. मण्यारीचा दंश तर रात्री झोपेत होतो आणि बहुधा दुखतही नाही, मग दोरी आवळणार कुठे? आजोबा बराच वेळ उभेच होते. मग त्यांनी विचारलं, "म्हंजी आमच्या अण्णांनी जल्मभर चुकीचंच क्येलं म्हना की?" हॉलमध्ये कुणी हसलं नाही. पुढची वीस मिनिटं आम्ही फक्त त्यावरच बोललो, खेळ बाजूला राहिला.

सर, मी खेळ घेते तो यासाठी. चुकीचं उत्तर मे महिन्यात, पंख्याखाली, चहाचा कप हातात असताना बाहेर यावं. ऑगस्टमध्ये कमरेएवढ्या पाण्यात ते बाहेर आलं तर सुधारायला कुणी नसतं.

याला अभ्यासाचाही आधार आहे. बटरफील्ड आणि मेटकाफ या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये दाखवलं की जे चुकीचं उत्तर माणूस खात्रीने देतो, ते लगेच दुरुस्त केलं तर बिचकत दिलेल्या चुकीपेक्षा जास्त पक्कं सुधारतं. खात्रीने बोललो आणि चुकलो, याचा धक्काच लक्षात राहतो. आजोबांचं तेच झालं असणार. दुसरा प्रयोग रोडिगर आणि कार्पिक यांचा, २००६ चा. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचायचा आणि दुसरा एकदा वाचून, मग न बघता आठवेल तेवढा लिहून काढायचा. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचलेलं जास्त आठवलं, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने विचारलं तर उलटं झालं: दोनदा वाचलेलं ४२ टक्के, आठवून लिहिलेलं ५६. आपण तर वर्गात पाढे म्हणून घेतलेत. फळ्यावर बघून म्हणणं आणि फळ्याकडे पाठ करून म्हणणं यातला फरक मी आपल्याला काय सांगणार?

आता शोभण्याविषयी. माझं घर सांगलीत आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. आमच्या तळमजल्यावर गाळ होता, आईची ट्रंक त्यातच गेली. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी बोट उलटली आणि माणसं बुडाली. त्या घटनेवर मी प्रश्न ठेवत नाही, कधी ठेवणार नाही. बोटीत बसण्याचे नियम खेळ थांबवून, उभ्याने, गुणांशिवाय सांगते. खेळाच्या तयार साच्यात (टेम्प्लेटमध्ये) बरोबर उत्तराला टाळ्या आणि चुकीच्या उत्तराला भोंगा वाजत होता, ते दोन्ही आवाज मी पहिल्याच दिवशी काढले. चार पर्यायांची पद्धत मात्र ठेवली. २००० सालापासून 'करोडपती' घरोघरी पोचलंय, त्यामुळे ती कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

आणि आपला दुसरा मुद्दा. पहिल्या वर्षी काही गावांत मी 'जो आधी हात वर करेल त्याचं उत्तर' असा नियम ठेवला होता. आपण लिहिलंय तसंच झालं. पुढच्या दोन बाकांवरची मुलंच बोलत सुटली, मागे बसलेल्या बायका पदर सावरत बघत राहिल्या. शिवाय चुकीला गुण वजा होते, त्यामुळे ज्याला थोडी शंका होती तो बोललाच नाही, आणि मला नेमकं तेच ऐकायचं होतं. तो नियम चुकीचा होता आणि ती चूक माझीच होती.

आता असं करते. पाच-पाच माणसांचे गट, बायकांचे निदान दोन गट वेगळे. प्रश्न पडद्यावर आला की मी तो मोठ्याने वाचते, कारण सगळ्यांना वाचता येतं असं धरून चालत नाही. मग दोन मिनिटं आपसांत बोलायचं. मग मी 'दाखवा' म्हटलं की सगळ्यांनी एकदम कार्ड वर करायचं: अ लाल, ब पिवळं, क हिरवं, ड निळं. जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यांवर रंग देऊन केलेली कार्डं आहेत, तिसरा उन्हाळा चाललाय त्यांचा. चुकीला वजाबाकी नाही. सगळी कार्डं एकदम वर येतात, त्यामुळे कुणी कुणाचं बघून बदलू शकत नाही आणि मला एका नजरेत गावाचं मत दिसतं. खेळाचा सगळ्यात मोलाचा भाग त्या दोन मिनिटांचाच आहे.

तिथेच मला हे ऐकायला मिळालं. प्रश्न होता: पाणी अंगणात आलंय, बोट माणसांपुरतीच आहे, गोठ्यात दोन म्हशी आणि एक रेडकू आहे, निघण्याआधी काय कराल? मुलांच्या गटात मोबाइलवरून कुणाला बोलवायचं यावर चर्चा. मागच्या गटातली एक बाई, जी तोवर शब्द बोलली नव्हती, शेजारणीला हळूच म्हणाली, "दावं सोडायचं. बांधल्यालं जनावर जागीच बुडतंय. सोडलं तर पवून कुठंतरी लागतंय." तिला हे कुणी प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं. माझ्या उत्तराच्या स्लाइडवरही दावं सोडा एवढंच होतं, कारण नव्हतं. आता त्या स्लाइडवर तिचं वाक्य तिच्याच शब्दांत आहे आणि प्रत्येक गावात मी ते वाचून दाखवते.

बऱ्याच शिक्षकांनी आणि आशाताईंनी हा खेळ बनवायचा कसा ते विचारलंय, म्हणून तेही इथेच सांगते. पॉवरपॉइंट किंवा फुकटचं लिब्रेऑफिस, दोन्हींत होतो. पहिल्या स्लाइडवर तक्ता: वर पाच विषय (नदी व धरण, घर सोडताना, आजार, साप, जनावरं) आणि प्रत्येकाखाली १०० ते ५०० असे पाच आकडे. प्रत्येक आकड्याला त्याच्या प्रश्नाच्या स्लाइडची लिंक. पॉवरपॉइंटमध्ये लिंक चौकोनाला न देता आकड्याच्या मजकुराला दिली, तर झालेल्या आकड्याचा रंग आपोआप बदलतो आणि कुठला प्रश्न उरलाय ते दिसतं. उत्तर त्याच स्लाइडवर न आणता वेगळ्या स्लाइडवर ठेवा आणि तिथून तक्त्यावर परत यायचं बटण द्या. पॉवरपॉइंट असेल तर स्लाइड शोच्या सेटिंगमध्ये किऑस्कचा पर्याय निवडा, म्हणजे चुकून कुठेही क्लिक झालं तरी स्लाइड पुढे पळत नाही.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा, ही हात जोडून विनंती. मी एकदा जुन्या फॉन्टमधली फाइल पेनड्राइव्हवर नेली. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंसांची रांग. पंचवीस प्रश्न हातातल्या कागदावरून वाचावे लागले. मोबाइलवर उत्तरं घेणारे ॲपही आहेत, पण त्याला प्रत्येकाकडे स्मार्टफोन आणि चांगली रेंज लागते. पुठ्ठ्याला काहीच लागत नाही, वीज गेली तरी खेळ चालतो.

गुण लक्षात राहतात, विषय नाही, हा आपला तिसरा आक्षेप. पाचशेच्या प्रश्नाला मी आता उत्तर देणाऱ्याकडून कारणही मागते, कारणाशिवाय गुण नाहीत. उदाहरणार्थ: कोयनेतून ५० हजार क्युसेकने २४ तास पाणी सोडलं तर किती टीएमसी पाणी आलं? क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, आणि दिवसभर ११,५७४ क्युसेक म्हणजे एक टीएमसी, एवढं सांगून टाकते. मुलं भागाकार करून ४.३ काढतात. मग मी विचारते, धरणातला आकडा टीव्हीवर ऐकून आपली पातळी सांगता येईल का? नाही. कोयनेचं पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळतं, त्यात वाटेतल्या ओढ्यांचं आणि आपल्याकडच्या पावसाचं पाणी मिसळतं, आणि पुढे हरिपूरला वारणा भरलेली असेल तर नदीला पुढे सरकायला जागाच मिळत नाही. हे कारण ज्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, तो व्हॉट्सॲपवरचे आकडे बघून रात्री गाव उठवणार नाही आणि आकडा लहान आहे म्हणून गाफीलही राहणार नाही.

बक्षीस मात्र बंद केलं. आपली प्रतिक्रिया येण्याआधीच, आणि आपल्याच कारणाने. आधी टॉर्च आणि शिट्टी जिंकलेल्या गटाला द्यायचे, आता प्रत्येक गटाला देते.

सर, माझ्या तक्त्यातल्या पाचांपैकी एका विषयाच्या जागी मी प्रत्येक गावात त्या गावापुरता विषय ठेवते. त्याचं नाव 'आपलं गाव'. ते पाच प्रश्न मला सांगलीत बसून लिहिता येत नाहीत. एका गावात मी 'पाणी कुठून येईल' असा प्रश्न ठेवला होता आणि उत्तर 'नदीच्या बाजूने' असं लिहिलं होतं. लोकांनी ते मोडून काढलं. नदी घाटाच्या पायऱ्यांवरच असते, तेवढ्यात मागच्या ओढ्याला फुगवटा येतो आणि डांबरी रस्ता आधी तुटतो. नदीकडे बघत बसलेला माणूस अडकतो. हे त्या गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक होतं, वीस वर्षांच्या पोरांना नव्हतं.

आपण कृष्णाकाठी राहता, आपल्या हाताखालून दोन पिढ्या गेल्या असतील. आपल्या गावात पाणी पहिल्यांदा कुठे शिरतं, कुठल्या खुणेला पोचलं की रस्ता बंद होतो, उंचावरची कोणती घरं माणसांना जागा देतात, असे पाच प्रश्न आपण लिहून द्यावेत. उत्तरं आणि कारणंही आपल्याच शब्दांत. पावसाळ्याआधीच्या फेरीत आपलं गाव घेते. त्या दिवशी पडद्याजवळ आपण उभं राहून ते पाच प्रश्न विचारावेत, मी मागे बसून कार्डं मोजते.