तेलाचा डबा ड्रॉइंगमध्ये कुठे असतो? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

काका, नमस्कार.

प्रतिक्रियेखाली तुम्ही नाव दिलं नाहीत, 'कुळेंचा जुना सांधेवाला' एवढंच लिहिलंत. मीटर गेजचे दिवस पाहिलेत म्हणता, तेव्हा वयाने मोठेच असणार. म्हणून काकाच म्हणतो.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मी लिहिलं होतं की रेल्वेचा सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणारी जागा, अजूनही जीभ (म्हणजे तिथला हलणारा, टोकाला निमुळता रूळ) खालच्या 'चेअर' नावाच्या पोलादी बैठकींवर घासत ओढण्याच्या, पोलादावर पोलादाच्या जुन्या तत्त्वावर चालतो. गोव्यासारख्या पावसाळी, खारट हवेच्या मुलखात हे तत्त्वच बदलायला हवं. जिभेखाली रोलर द्या आणि तिचं कुलूप तिच्याजवळच बसवा. त्यावर काकांचं म्हणणं असं:

"सांधा स्वतःहून कधी बिघडत नाही. चेअर पुसली नाही, तेल पडलं नाही, नट आवळला नाही, मग बिघडतो. देखभाल करा, डिझाइन बदलायची गरज नाही. तुमच्या रोलरात पहिल्या पावसाला चिखल जाईल. जीभ अर्धवट बसली तरी सिग्नल मिळतो असं लिहिलंय ते साफ खोटं. पाच मिलिमीटरचा तुकडा माहीत आहे का? आणि बालासोरला झालं ते वायरिंगमुळे, जिभेमुळे नव्हे. आदीं हात काळे कर, मागीर बरय."

शेवटचं कोंकणी वाक्य, 'आधी हात काळे कर, मग लिही', लागलं. बेतोड्याला माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे, हात रोजच काळे असतात; पण रुळावर काळे झालेले नाहीत, हे कबूल.

आधी चूक कबूल करतो. पाच मिलिमीटरचं तुमचं बरोबर आहे. जिभेच्या टोकापासून १५० मिलिमीटरवर, जीभ आणि मुख्य रूळ यांच्या मधे ५ मिलिमीटर जाडीचा तुकडा धरला आणि पॉइंट मशीन, म्हणजे जीभ हलवणारं यंत्र, चालवलं, तर मशीनने कुलूप घालता कामा नये, पॅनलवर सांधा बसल्याची खूण येता कामा नये, आणि आतला क्लच नुसता घसरत राहिला पाहिजे. ही चाचणी होते आणि तिला अर्थ आहे. 'अर्धवट बसलेल्या जिभेवरही सिग्नल मिळू शकतो' हे माझं वाक्य सरसकट होतं, ते लेखातून काढलंय. ओडिशातल्या बालासोरच्या रेल्वे अपघाताबद्दलही वाद नाही. २ जून २०२३ ला तिथे सिग्नलच्या सर्किटमधल्या फेरफारात चूक झाली होती. जीभ लूपकडे, म्हणजे बाजूच्या मार्गाकडे, वळलेली होती आणि सिग्नल सरळ मार्गाचा मिळाला. तिथे सोन्याचे रोलर बसवले असते तरी काही फरक पडला नसता. ते उदाहरण मी द्यायलाच नको होतं.

पण तुमचं पहिलं वाक्य मला पटत नाही, आणि मुद्दा तोच आहे.

तुम्ही कुळेंला होतात. म्हणजे कॅसलरॉकवरून उतरणारा घाट तुमच्या उशाशी: करंझोळ, दूधसागर, सोनावळी, सदतिसाला एकचा उतार. या उतारावर गाडीचे ब्रेक गेले तर काय, याचा विचार करणाऱ्यांनी 'ब्रेक नीट तपासत जा' एवढं सांगून काम संपवलं नाही. ब्रेक तपासतातच. पण तपासूनही जातील हे धरून त्यांनी कॅच सायडिंग (सुटलेल्या गाडीला बाजूला नेऊन अडवणारा फाटा) टाकली, आणि तिचा सांधा एरवी सायडिंगकडेच वळलेला ठेवला. गाडीने आधी थांबून दाखवायचं, मग सांधा मुख्य मार्गाला फिरणार. सुटलेली गाडी कुणी काहीही न करता चढावर, वाळूत जाऊन अडकते. तिथे कुणाच्या जागरणावर, कुणाच्या आठवणीवर काही सोडलेलं नाही. हा सांधा तुम्ही स्वतः सांभाळलात. तो बघूनही 'देखभाल करा म्हणजे झालं' हे तुम्ही कसं म्हणता, हे मला खरंच कळलं नाही.

आता दुसरं उदाहरण, दूरचं. इंग्लंडमध्ये ग्रेरिग इथे २३ फेब्रुवारी २००७ ला ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगातली पेंडोलिनो (तिथली वेगवान प्रवासी गाडी) सांध्यावर घसरली, एक प्रवासी गेला. चौकशीत निघालं की पाच दिवस आधी, १८ तारखेला, ठरलेली पाहणी राहून गेली होती. तुमच्या हिशेबाने इथे विषय संपतो: पाहणी चुकली, माणूस चुकला. चौकशी करणारे तिथे थांबले नाहीत. पाहणी चुकली हे खरं, पण सांध्याच्या दोन जिभा जोडणाऱ्या स्ट्रेचर बारवर नेमका किती ताण येतो, त्याचे बोल्ट का सैल होतात, हेच त्या रुळांच्या मालकांना पुरतं उमगलं नव्हतं, असंही त्यांनी लिहून ठेवलं. त्यानंतर तिथे स्ट्रेचर बारची घडणच बदलली.

बोल्ट का सैल होतात ते जरा जवळून बघण्यासारखं आहे, कारण पाच मिलिमीटरच्या तुकड्याची चाचणी इथे पोचत नाही. बंद जीभ रुळाला चिकटून बसली की आपण खूश. पण दुसरी जीभ, जी उघडी आहे, ती रुळापासून पुरेशी दूर असायला हवी. नाहीतर चाकाच्या फ्लँजची (चाकाच्या आतल्या बाजूच्या कडेची) पाठ तिला घासून जाते. टोकाला ती दूर असते. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीच्या सांध्यात टोकाला ११५ मिलिमीटरची फट ठेवतात. पण जीभ साधारण दहा मीटर लांब आणि बुडाला पक्की, म्हणून मागे जाऊ तशी फट अरुंद होत जाते. मधे कुठेतरी ती कमी पडली की प्रत्येक चाक जाता जाता एक टपली मारतं. टपली जिभेला, जिभेकडून स्ट्रेचर बारला, बारकडून बोल्टला. बोल्ट हलला की फट आणखी कमी, टपली आणखी जोरात. एका रात्रीत काही होत नाही, आणि नट आवळणारा माणूस आला की सगळं पुन्हा ठीक दिसतं. नट आवळला, पण टपली तशीच राहिली.

भारतात आता जाड पोटाच्या जिभा, थिक वेब स्विच, बसवत आहेत. त्यात टोकाची फट ११५ वरून १६० मिलिमीटर झाली आणि मशीनचा फेरा, म्हणजे ते दांडा जेवढा सरकवतं ते अंतर, १४३ वरून २२० वर गेला. फट वाढली की टपली टळते. शिवाय क्लॅम्प लॉक नावाचं कुलूप जिभेला जागच्या जागी मुख्य रुळाशी आवळून धरतं. मशीनपासून येणाऱ्या लांब दांड्याच्या भरवशावर कुलूप राहत नाही. हे कुणा ब्लॉगवाल्याने सुचवलेलं नाही, काका. तुमच्याच रेल्वेने केलंय, आणि ते डिझाइनमधलेच बदल आहेत.

आता तेलाकडे येतो, कारण तुमचा सगळा जोर तिथे आहे.

मागच्या जुलैत मी वर्कशॉपच्या मागच्या उघड्या पडवीत एक खेळ केला. रुळाचा तुकडा नव्हता (तो कुठून आणणार, आणि आणला तर पोलीस विचारतील), म्हणून चाळीस किलोचा पोलादी ठोकळा घेतला, खाली घासून सपाट केलेली पोलादी पट्टी, आणि मडगावच्या बाजारातल्या एका ओळखीच्या मासळीवालीकडून हुकाचा स्प्रिंगचा काटा. ठोकळा पट्टीवर ठेवायचा, काटा अडकवायचा, ओढायचं. कोरड्यावर वजनाच्या निम्म्याहून जास्त जोर लागला, ताज्या तेलावर दशांशाच्या आसपास. पुस्तकात लिहिलंय तेच, नवल काही नाही. मग पट्टीवर तेल, त्यावर अंगणातला लाल चिखल चिमूटभर, त्यावर वरून पाऊस. पहिल्या दिवशी फारसा फरक नव्हता. तिसऱ्या दिवशी मधे दोन तास ऊन पडलं, आणि तेल, पाणी, जांभ्याची माती यांचं जे मिश्रण झालं ते बोटांत चोळलं तर पॉलिश पेपरसारखं लागत होतं. आठव्या दिवशी ओढायला गेलो तर ठोकळा हललाच नाही. काट्याचा हूक सरळ झाला आणि मी मागच्या पिंपावर आपटलो. ठोकळा शेवटी लाथाळून काढला. खाली नारिंगी गंजाचा ठसा, अगदी ठोकळ्याच्या मापाचा.

हा काही प्रयोगशाळेतला प्रयोग नव्हे. सांधा आठ दिवस तसा पडून राहत नाही, दिवसातून कितीदा तरी फिरतो. पण लूपचा एखादा सांधा, जिथे क्वचितच गाडी घेतात, तो राहतो. आणि गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत तेल टिकत नाही, हे मला तुम्हीच सांगायला हवं.

तर माझं म्हणणं एवढंच: ज्या भागाला नीट चालण्यासाठी दर काही दिवसांनी फडकं आणि तेल लागतं, त्याच्या ड्रॉइंगमध्ये फडकं, तेलाचा डबा आणि डबा घेऊन रात्री दोनला खडीवरून चालत जाणारा माणूस, हे तिन्ही भाग आहेत. काढणाऱ्याने ते कागदावर काढले नाहीत, एवढंच. लेथच्या मशीनला रोज तेल लागतं ते मी हिशेबात धरतो. पोराचा पगार धरतो, तो न आल्याचा दिवस धरतो. सांध्याचा हिशेब करताना मात्र हे सगळं 'देखभाल' नावाच्या वेगळ्या वहीत जातं, आणि मग बिघाड झाला की चौकशी त्या वहीवाल्याची. कोकण रेल्वे बहुतांशी एकेरी आहे. एका स्टेशनात सांधा अडला की दोन्ही दिशांच्या गाड्या उभ्या. मग क्रँक हँडल (सांधा हाताने फिरवायचा दांडा), क्लॅम्प, कुलूप घेऊन भर पावसात कोण धावतो? ड्रॉइंग काढणारा तर नाही.

रोलरचं तुमचं म्हणणं अर्धं मान्य. चिखल जाईल, खरं आहे. त्याहून वाईट गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, ती मी सांगतो: रोलर जरा उंच बसवला तर बंद जीभ चेअरवर टेकतच नाही, तरंगत राहते, आणि वरून चाक गेलं की वाकते. युरोपात रोलर वापरतात ते जीभ हलताना तिला मिलिमीटर-दोन मिलिमीटर उचलण्यापुरते. जीभ जागेवर आली की पुन्हा चेअरवर बसायला हवी. म्हणजे रोलरही लावून विसरण्याची वस्तू नव्हे. मागच्या लेखात मी तसं भासवलं, तो माझा उतावीळपणा. मात्र बंद बेअरिंगचा, गाळ साठणार नाही अशा खोबणीतला रोलर जमणार नाही, हे मी मानत नाही. मिरामारच्या वाळूत फिरणाऱ्या हातगाड्यांची बेअरिंगं मी दुरुस्त करतो. बंद असलेली टिकतात, उघडी आठवड्यात जातात.

इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठाने घडवलेल्या नव्या सांध्याला तुम्ही 'परदेशी खेळणं' म्हणालात. त्यात रूळ घासत नाही. उचलला जातो, बाजूला सरकतो आणि वजनाने खाचेत बसतो. हलवायला तीन वेगवेगळी मशीनं, त्यातलं एक चाललं तरी काम होतं. ते उद्या पेडण्याला आणून बसवा, असं मी म्हणत नाही. खाचेत खडी गेली तर काय, हा प्रश्न तिथेही आहेच. मला त्यातली एकच गोष्ट हवी आहे: एक मशीन बंद पडल्यावर गाडी थांबत नाही आणि दुरुस्तीवाला सकाळी उजेडात जातो.

शेवटी एक विनंती, खोचक नाही. तुम्ही लिहिलंत की कुळेंला ऑगस्टात तुम्ही तेल घालण्याआधी प्रत्येक चेअर कोरड्या गोणपाटाने पुसायचात, नाहीतर तेल पाण्यावर तरंगून निघून जायचं. एका पाळीत असं किती वेळा करावं लागायचं? एका सांध्याला किती वेळ जायचा? हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. तेवढे दोन आकडे इथेच खाली लिहा.

आणि हो, मासळीवालीला तिचा काटा अजून परत केलेला नाही. नवा घेऊन द्यावा लागणार.