ट्रेडमार्कसाठी आधी तीन वर्षांची बिलं लागतात?

मसाले, पापड, लोणची विकणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'तीन वर्षं धंदा केल्याची बिलं नसतील तर ट्रेडमार्कचा अर्जच घेत नाहीत.' हे खरं नाही. ट्रेडमार्क कायदा, 1999 च्या कलम 18 नुसार पुढे वापरायच्या नावासाठीही अर्ज करता येतो. टीएम-ए फॉर्ममध्ये तसं नमूद करायचं, बस्स. बिल नको, प्रतिज्ञापत्र नको.

पुरावा लागतो तो 'आम्ही आधीपासून वापरतोय' असा दावा केला तर. मग 2017 च्या नियमांतल्या नियम 25 प्रमाणे प्रतिज्ञापत्र आणि सोबत कागद जोडावे लागतात. घोळ इथेच होतो. फॉर्मवर 'वापर 2012 पासून' आणि जोडलेलं सर्वांत जुनं बिल जीएसटीचं! जीएसटी आला 1 जुलै 2017 ला; आधीची पाच वर्षं कशी दाखवणार? दुकानाच्या पाटीवर 'स्थापना 1995' रंगवलेलं असणं हा काही पुरावा नव्हे. नाव आणि तारीख दोन्ही दिसणारं जुनं बिल, लेबल छापणाऱ्याची पावती, वर्तमानपत्रातली जाहिरात, हे चालतं. म्हणून तारीख फुगवू नका.

मेसेजचं मूळ बहुधा अमेरिकेत असावं. तिथे स्थानिक अर्जदाराला नोंदणीआधी सहसा प्रत्यक्ष वापराचा नमुना द्यावा लागतो.

आपल्याकडे नोंदणीनंतर मात्र नाव नुसतं अडवून ठेवता येत नाही. सलग पाच वर्षं वापरलं नाही, तर कलम 47 खाली बाधित व्यक्ती ते काढून टाकायला अर्ज करू शकते.