पित्ताशय काढलं म्हणजे पित्त संपलं नाही: त्या फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत तोच एक मेसेज मला चार जणांकडून आला, तिघांनी काळजीपोटी पाठवला आणि चौथीनं घाबरून, कारण तिचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. "पित्ताशय काढलेल्यांनो सावध" असं मथळ्यात, आणि खाली सहा मुद्दे. थोडक्यात सांगते: पित्ताशय गेलं की शरीरात पित्त बनणं बंद होतं; म्हणून आयुष्यभर तेल, लोणी, अंडी, सगळं स्निग्ध बंद; जुलाब होत असतील तर ते शरीर विष बाहेर टाकतंय, औषध घेऊन थांबवू नका; रोज पित्तक्षाराची, म्हणजे पित्तातल्याच घटकांची, गोळी घ्यावीच लागते; वर्षातून दोनदा तेल, लिंबाचा रस आणि एप्सम सॉल्ट नावाचं रेचक मीठ पिऊन लिव्हर धुवून काढा, खडे पडून जातील; आणि शेवटचा, पित्ताशयच नाही तर खडा होणार कुठं, पोटात दुखलं तर तो गॅस समजा.

माझं पित्ताशय काढून सहा वर्षं झाली. पहिले आठ महिने मी यातल्या निम्म्या गोष्टी खऱ्या मानून काढले आणि ते आठ महिने फार वाईट गेले, म्हणून एकेक मुद्दा धरून लिहितेय. मी डॉक्टर नाही, पण यातलं जे लिहितेय ते डॉक्टरांकडून नीट समजून घेतलेलं आहे.

पहिला मुद्दा मुळातच चुकीचा आहे. पित्त पित्ताशयात बनतच नाही, ते लिव्हरमध्ये बनतं, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. पित्ताशय ही फक्त साठवणीची पिशवी, ३० ते ५० मिली मावेल एवढी. लिव्हरकडून आलेलं पित्त दोन जेवणांच्या मधल्या वेळात साठवायचं, त्यातलं पाणी शोषून ते दाट करायचं, आणि स्निग्ध खाणं लहान आतड्याच्या तोंडाशी पोचलं की कोलेसिस्टोकायनिन नावाचं हॉर्मोन सुटतं, त्याचा इशारा मिळाला की पिशवी आवळून सगळं एकदम सोडायचं, एवढं तिचं काम. गच्चीवरची टाकी काढली म्हणून पाणी बंद होत नाही, धार बारीक होते पण चोवीस तास चालू राहते, तसंच इथं होतं. १८८२ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख या सर्जननं हे ऑपरेशन पहिल्यांदा केलं तेव्हापासून माणसं पित्ताशयाशिवाय जगतायत, जेवतायत. घोड्याला आणि उंदरातल्या मोठ्या घुशीसारख्या जातीला, म्हणजे रॅटला, तर जन्मतःच पित्ताशय नसतं.

यात आपल्या भाषेनंही थोडा घोळ घातलाय. छातीत जळजळलं की आपण म्हणतो पित्त झालं, अंगावर गांधी उठल्या की म्हणतो पित्त उठलं, डोकं दुखून उलटी झाली तरी पित्तच. त्यामुळं कितीतरी जणांना वाटतं की पित्ताशय काढलं की हे सगळं पित्त कायमचं जाईल, आणि ऑपरेशननंतरही जळजळ राहिली की वाटतं ऑपरेशन फसलं. जळजळ करणारं आम्ल जठरात तयार होतं, त्याचा या पिशवीशी संबंध नाही. काही जणांना ऑपरेशननंतर आतड्यातलं पित्त उलटं जठरात येऊन कडवट ढेकर, मळमळ, जळजळ असं होऊ शकतं, पण तो वेगळा त्रास आहे आणि तो तपासूनच ठरवावा लागतो, नुसत्या अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खात बसून नाही.

आता स्निग्ध पदार्थ आयुष्यभर बंद, हा दुसरा मुद्दा. याचा मला स्वतःला सगळ्यात जास्त राग आहे. स्निग्ध पदार्थ पचवायला दोन गोष्टी लागतात, पित्त त्याचे बारीक थेंब करतं आणि स्वादुपिंडातून येणारं लायपेज नावाचं एन्झाइम ते तोडतं. ऑपरेशननंतर दोन्ही असतात. नसते ती फक्त एकदम मोठा डोस सोडायची सोय. म्हणजे अडचण एकावेळी किती याची आहे. पहिले काही आठवडे तळलेलं, साय, लोणी, चीज, खूप तेलातलं कमी ठेवायचं आणि मग हळूहळू वाढवत न्यायचं, बहुतेकांना नंतर कायमचं वेगळं पथ्य लागतच नाही. मी मात्र थेंबभरसुद्धा तेल न घालता आठ महिने उकडलेलं खाल्लं. वजन उतरत गेलं, कातडी कोरडी पडली, जेवून उठल्यावर तासाभरात परत भूक, आणि घरात जेवायला बसायचं म्हटलं की माझ्यासाठी वेगळं भांडं म्हणून सगळ्यांचेच चेहरे उतरलेले. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्ध पदार्थाबरोबरच शोषली जातात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

शेवटी ज्या आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्ही शेवटचं अंडं कधी खाल्लंत?" मला आठवेना. त्यांनी सांगितलं, उद्या सकाळी एक अख्खं उकडलेलं अंडं, पिवळ्यासकट, टोस्टबरोबर, आणि दुपारपर्यंत काय होतं ते लिहून ठेवा. मी खरंच घड्याळ समोर ठेवून बसले होते. अर्धा तास, तास, दोन तास. काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशीही काही झालं नाही तेव्हा मला टेबलाशीच रडू आलं. त्या अंड्यात साधारण ५ ग्रॅम स्निग्ध असतं आणि एका मोठ्या चमचाभर तेलात साधारण १४, असा हिशोब त्यांनी मांडून दिला. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच लहान खाणी करा, दिवसभराचं स्निग्ध त्यात वाटून टाका, एकाच जेवणावर सगळा भार नको. एवढ्या बदलानं माझं अर्धं दुखणं गेलं.

तिसरा मुद्दा, जुलाब म्हणजे शरीराची सफाई. हे वाक्य धोक्याचं आहे आणि यावर जरा सविस्तर लिहिते, कारण ऑपरेशननंतर ज्यांना त्रास होतो त्यांच्यात हाच त्रास खूप जणांना असतो आणि याच्याबद्दलच माणसं सगळ्यात कमी बोलतात. पित्तातली आम्लं आपलं काम झाल्यावर वाया जात नाहीत, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात त्यातली ९५ टक्क्यांच्या आसपास परत शोषली जातात आणि रक्तावाटे लिव्हरकडे जातात, हे चक्र दिवसातून कित्येकदा फिरतं. पित्ताशय नसलं की पित्त सतत येत राहतं, आणि काही जणांत त्यातलं जास्तीचं मोठ्या आतड्यात उतरतं. तिथं ते आतड्याच्या अस्तराला डिवचतं, आतडं पाणी सोडतं आणि जोरात हलायला लागतं, म्हणून ती पातळ, घाईची, बऱ्याचदा पिवळट-हिरवट शौच. यात विष कुठंच नाही. जे बाहेर जातंय ते तुमचंच पाणी, तुमचेच क्षार आणि तुमचंच पित्त.

बऱ्याच जणांचं हे काही आठवड्यांत, काही महिन्यांत आपोआप बसतं. माझं बसलं नाही. मी कुठंही गेले की आधी टॉयलेट कुठं आहे ते बघायचे, रांगेत शेवटची खुर्ची धरायचे, बाहेर जायचं असेल तर सकाळपासून काही खायचेच नाही आणि मग रात्री एकदम भरपेट, आणि डॉक्टरांकडे गेल्यावर सांगायचे काय तर "अधूनमधून पोट बिघडतं." त्यावर "होईल सवय" हेच उत्तर मिळणार, दुसरं काय मिळणार. आहारतज्ज्ञ बाईंनी वहीत लिहायला लावलं: काय खाल्लं, किती वाजता, किती वेळा जावं लागलं, किती मिनिटांत. दोन आठवड्यांची ती वही घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले आणि वाचून दाखवलं, दिवसातून सहा वेळा, खाल्ल्यावर वीस मिनिटांच्या आत, दोनदा वाटेतच. आकडे ऐकल्यावर ते पेन खाली ठेवून नीट ऐकायला लागले. म्हणून ज्यांना हा त्रास आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, लाजू नका, आकडे सांगा.

वहीतून आणखी एक कळलं. मी इतके महिने तेलाला दोष देत होते, पण वाईट दिवस बघितले तर बहुतेक ते होते जेव्हा उपाशीपोटी कडक कॉफी घेतली होती किंवा दुपारचं जेवण चुकवून रात्री भरपूर खाल्लं होतं. दुसऱ्या कुणाचं वेगळं असेल, कुणाला दूध, कुणाला खूप गोड, कुणाला तिखट, कुणाला साखरेऐवजी सॉर्बिटॉल घातलेली च्युइंगगम. म्हणून सरसकट याद्या कामाच्या नाहीत, स्वतःची वही कामाची. विरघळणारा तंतू, म्हणजे ओट्स, इसबगोल, सफरचंद, केळं, यानं शौच बांधली जाते, पण थोड्यापासून सुरुवात करून आणि पाणी भरपूर पिऊन, नाहीतर पोट फुगतं.

आणि हो, यावर औषध आहे. कोलेस्टिरामिन नावाची पावडर असते, ती आतड्यातल्या पित्ताम्लांना धरून ठेवते त्यामुळं ती मोठ्या आतड्याला त्रास देऊ शकत नाहीत. ती डॉक्टरांनीच द्यायची असते, कारण ती दुसऱ्या औषधांनाही धरून ठेवते, म्हणून बाकीच्या गोळ्या तिच्या निदान १ तास आधी नाहीतर ४ ते ६ तासांनंतर घ्याव्या लागतात, आणि जास्त झाली तर उलट बद्धकोष्ठ होतं. मला तिचा चौथ्या-पाचव्या दिवसापासून फरक पडला. "औषध घेऊन थांबवू नका" हे वाचून जे कुणी गप्प बसून सहन करतायत त्यांचा विचार करून मला खरंच वाईट वाटतं. मात्र प्रत्येक जुलाब पित्ताशयाच्या खाती टाकायचा नाही हेही तितकंच खरं, शौचात रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, कारण नसताना उतरणारं वजन, यातलं काहीही असेल तर दुसरं कारण शोधावंच लागतं.

चौथा मुद्दा, रोज पित्तक्षाराच्या गोळ्या. वर लिहिलंय ते वाचलंत तर लक्षात येईल, ज्याच्या मोठ्या आतड्यात आधीच जास्तीचं पित्त उतरतंय त्याला वरून आणखी पित्तक्षार दिले तर जुलाब वाढायचीच शक्यता. एन्झाइमच्या गोळ्या स्वादुपिंड कमी पडत असेल त्यांच्यासाठी असतात. सगळ्यांनी रोज घ्यायच्या यातलं काही नाही.

लिव्हर धुण्याचा मुद्दा तर मेसेजच्या स्वतःच्याच सहाव्या मुद्द्याशी भांडतो, एकीकडे म्हणायचं खडे होऊच शकत नाहीत आणि दुसरीकडे खडे पडून जायला ऑलिव्ह तेल, लिंबाचा रस आणि एप्सम सॉल्ट प्या. दुसऱ्या दिवशी जे हिरवे मऊ गोळे पडतात ते एका रुग्णाचे तपासून २००५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं गेलंय, त्यात खऱ्या पित्तखड्यात सापडणारं ना कोलेस्टेरॉल होतं ना बिलीरुबिन (पित्ताचं रंगद्रव्य) ना कॅल्शियम, बहुतांश फॅटी अ‍ॅसिडच. प्यायलेल्या तेलाचाच आतड्यात साबण झालेला. ज्याच्याकडे पित्त साठवायची पिशवी नाही त्यानं एका दमात कपभर तेल प्यायचं हा सल्ला कोण कसा देऊ शकतं मला कळत नाही.

आता सहावा, ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसले. पित्ताशय काढलं तरी लिव्हरपासून आतड्यापर्यंत जाणारी पित्तनलिका तिथंच असते. तिच्यात ऑपरेशनच्या आधीच सरकलेला एखादा खडा मागं राहू शकतो, आणि पुढं काही वर्षांनी तिच्यात नवा खडाही होऊ शकतो. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर दोन-चार दिवस खांदा दुखतो तो मात्र खरोखर गॅसचा, पोट फुगवायला भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळं, तो आपोआप जातो. "गॅस समजा" हे बहुधा तिथूनच उचललं असावं.

माझ्या मावशीचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं होतं. उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, पाठीपर्यंत जायचं, दोन-दोन तास थांबायचं नाही. तिनं तीन दिवस गॅसच्या गोळ्या घेतल्या, कारण तिच्या फोनमध्ये हाच मेसेज सेव्ह करून ठेवलेला होता. तिसऱ्या दिवशी ती खिडकीपाशी बसली होती, उन्हात तिचे डोळे मला हळदीसारखे पिवळे दिसले. विचारलं तर म्हणाली, लघवी दोन दिवस चहासारखी होतेय आणि शौच पांढुरकी, पण पाणी कमी पितेय म्हणून असेल. संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला. नलिकेत खडा अडकून वरचं पित्त तुंबलं होतं आणि त्यात जंतुसंसर्ग सुरू झाला होता. तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेतले खडे काढतात ती ईआरसीपी केली, दोन खडे निघाले, पोट कापावं लागलं नाही. आणखी एक-दोन दिवस घरी काढले असते तर काय झालं असतं हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ते मला इथं लिहवत नाही.

पुढच्या आठवड्यात जिचं ऑपरेशन आहे तिला मी एवढंच पाठवलंय: डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरकी, थंडी-ताप, उलट्या थांबत नाहीत, किंवा बरगडीखालचं दुखणं तासाभरात थांबत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी. तिचं लगेच उत्तर आलं, "आणि ताई, कॉफी?" मी लिहिलं, पहिले काही आठवडे जपून, मग खाऊन झाल्यावर अर्धा कप घेऊन बघ, आणि वहीत लिही.