लॉर्ड बायरनच्या तोंडातला सोन्याचा चमचा

गेल्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर एकच पोस्ट आली. डोक्याला रंगीत फेटा, अंगात लाल मखमली, सोनेरी कलाबतूचं जाकीट अशा देखण्या तरुणाचं चित्र आणि खाली मजकूर. त्याचा सारांश असा: जॉर्ज राजांच्या काळात इंग्लंडात उमरावाच्या घरी जन्मलं की सात पिढ्यांची ददात मिटली. इंग्रज कवी लॉर्ड बायरनच बघा. वाड्यात जन्म, घराण्याचा शाही पोशाख, केंब्रिजला अभ्यास सोडून अस्वल पाळलं, परीक्षा न देता पदवी, पैशाची चिंता नाही, मनात आलं म्हणून देश फिरला, पार्लमेंटचं तोंड पाहिलं नाही.

परीक्षेचं तेवढं खरं आहे. अस्वलाचंही. बाकीचं बघू.

पोशाख घराण्याचा नव्हे, अल्बानियातून विकत आणलेला. एकेकाला पन्नास गिनी पडल्याचं त्याने आईला पत्रात कळवलं होतं. तो घालून १८१३ साली थॉमस फिलिप्स या चित्रकारासमोर बसला. म्हणजे आपल्याकडे महाबळेश्वरला भाड्याच्या कपड्यांत फोटो काढतात तसंच, फक्त महागडं.

जन्म वाड्यात नव्हे, लंडनमध्ये होलिस स्ट्रीटवरच्या भाड्याच्या खोल्यांत, २२ जानेवारी १७८८ ला. बापाला लोक ‘मॅड जॅक’ म्हणत. त्याने बायकोची स्कॉटलंडमधली जहागीर कर्जापायी घालवली आणि १७९१ मध्ये फ्रान्सात डोळे मिटले. आई अ‍ॅबर्डीनला वर्षाकाठी दीडशेएक पौंडांत संसार करत होती. मुलगा पायाने अधू, आणि लॉर्ड होण्याच्या रांगेत पहिला नव्हताच. खरा वारस होता चुलत आजोबांचा नातू. तो १७९४ मध्ये कॉर्सिकाच्या लढाईत तोफगोळ्याने गेला. १७९८ मध्ये आजोबाही गेले, आणि दहा वर्षांचं पोरगं सहावा बॅरन, म्हणजे लॉर्ड बायरन, झालं.

मिळालं काय? घराण्याचा वाडा, न्यूस्टेड अ‍ॅबी. बडा घर पोकळ वासा म्हणतात ते इथे अक्षरशः लागू पडतं. म्हाताऱ्याने जंगल तोडून विकलं होतं, हरणं मारून संपवली होती, छपराची दुर्दशा होती. रॉचडेलच्या कोळशाच्या खाणींचा हक्क त्याने बेकायदा विकून टाकलेला, त्याचा दावा पुढे वर्षानुवर्षं कोर्टात. १८०३ मध्ये न्यूस्टेड एका दुसऱ्या लॉर्डला भाड्याने दिलं, आणि मायलेकरं साउथवेलला स्वतः भाड्याच्या घरात राहिली. भाडं येतंय म्हणून भाडं देतोय!

आता ‘पैशाची चिंता नाही’. केंब्रिजला त्याला वर्षाला ५०० पौंड मिळत. पुरेसे होते, पण त्याला पुरले नाहीत. एकवीस वर्षं पुरी नसल्याने त्याच्या एकट्याच्या सहीला किंमत नव्हती, म्हणून सावकारांनी जामीन मागितला. सही केली लंडनच्या घरमालकिणीने. वयात येईपर्यंत कर्ज बारा हजारांच्या घरात गेलं. कायद्याने लॉर्डला कर्जासाठी अटक होत नसे, हे खरं. पण जामीनदाराला तसं कवच नव्हतं. सावकार त्या बाईच्या मागे लागले. न्यूस्टेड सजवायला बोलावलेल्या नॉटिंगहॅमच्या पडदे-गाद्यावाल्याचं बिल थकलं, आणि १८१० मध्ये जप्तीची माणसं दारात आली, तेव्हा साहेब पूर्वेकडे फिरतीवर. सामोरी गेली आई. पुढल्या वर्षी तो परतला, पण न्यूस्टेडला पोचण्याआधी ती वारलेली होती. मला विचाराल तर कोणाला चिंता होती, हा प्रश्न पोस्ट लिहिणाऱ्याने विचारायला हवा होता.

फिरतीचंही तसंच. उमरावांच्या पोरांची नेहमीची वाट पॅरिस-रोमची, ती नेपोलियनच्या युद्धाने बंद. म्हणून लिस्बन, माल्टा, अल्बानिया, ग्रीस. त्यासाठीचे ४,८०० पौंड उभे केले स्क्रोप डेव्हिस या मित्राने.

अस्वल? कॉलेजात कुत्री ठेवायला बंदी होती, म्हणून अस्वल आणलं. याचं काय करणार, असं विचारल्यावर म्हणाला, फेलोशिपला, म्हणजे कॉलेजातल्या विद्वानांच्या मानाच्या जागेला, बसवतो. पदवीला मात्र काही उत्तर नाही, उमरावांना एम.ए. परीक्षेविना मिळे, त्याने १८०८ मध्ये घेतली.

पार्लमेंट: १३ मार्च १८०९ ला त्याने लॉर्ड्समध्ये, म्हणजे उमरावांच्या वरच्या सभागृहात, जागा घेतली. २७ फेब्रुवारी १८१२ ला पहिलं भाषण केलं ते विणकरांच्या बाजूने. नॉटिंगहॅमशायरमध्ये माग फोडणाऱ्यांना फाशी देण्याचं विधेयक आलं होतं, त्याविरुद्ध. विधेयक मंजूर झालंच. सगळी मिळून भाषणं तीन. थोडी आहेत, पण शून्य नाहीत.

न्यूस्टेड अखेर १८१७ मध्ये विकलं गेलं, ९४,५०० पौंडांना. तोवर बायरन देश सोडून गेला होता आणि बरीचशी रक्कम देणेकऱ्यांनी गिळली. विकत घेणारा थॉमस वाइल्डमन, त्याचाच हॅरो शाळेतला सोबती. नावामागे लॉर्ड नव्हतं. घराण्याचा पैसा जमैकातल्या, गुलाम राबवणाऱ्या उसाच्या मळ्यांतून आलेला.