नवा अल्बम ऐकण्याआधी मत कसं द्यावं

ओळखीच्या गायकाचा नवा अल्बम आला की लगेच ऐकायला बसू नका. ऐकल्यानं मत बिघडतं. संध्याकाळी सांगलीच्या विश्रामबागेत चहाच्या गाड्यावर या, भडंगाचा पुडा फोडा आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणा, "पहिल्यासारखा राहिला नाही, लगा." घास संपेपर्यंत कुणी पुरावा मागत नाही.

चाल जुन्या वळणाची असेल तर "तेच ते दळण". वेगळी असेल तर "ह्याला आता काय झालंय?" दोन्ही वाक्यं खिशात असू द्यावीत. तिसरं लागत नाही.

लांबीवर अवश्य घसरा. "हल्ली तीन मिनिटांत गाणं गुंडाळतात!" असं म्हणून पाठोपाठ मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं नाव घ्यावं, म्हणजे वजन येतं. फक्त आपण ज्या ध्वनिमुद्रणांवर डोळे मिटून डोलतो ती 78 आरपीएमच्या तबकड्यांवरची, आणि तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांतच आटपायची, हे शेजारच्याला कळू देऊ नका.

आशाताईंचं प्रकरण नाजूक. जन्म 1933 चा, तोही सांगलीकडचा. म्हणजे घरचं माणूस. सत्तरी ओलांडल्यावर, 2005 साली, त्यांनी क्रोनोस क्वार्टेट या अमेरिकन चौकडीबरोबर पंचमची, म्हणजे आर. डी. बर्मनची, जुनी गाणी नव्यानं गायली. व्हायोलिन, चेलो, चिनी पिपा, झाकीर हुसेन! ग्रॅमीचं नामांकनही मिळालं. अशा वेळी "मूळ ते मूळ" एवढंच पुटपुटून चहा फुंकावा. (हेच मूळ रेडिओवर लागलं की आमचे वडील "बंद कर तो गोंगाट" म्हणायचे. ते अर्थात अरसिक होते.)

माझ्यापाशी एक कॅसेट आहे. बी साइडच्या तिसऱ्या गाण्याला फीत गुंतली होती, ती मी पेन्सिल घालून गुंडाळली. तेव्हापासून अंतऱ्यात दोन सेकंद आवाज बुडतो. तेच गाणं मोबाइलवर लावलं तर बुडत नाही, आणि मला गायक चुकल्यासारखं वाटतं. नव्या अल्बममध्ये ही सोय कुठली?

मध्यंतरी भाच्याला घेऊन मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेलो होतो. कारागिरानं कोऱ्या तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवला. तार आधी नुसती टणटणत होती, ती एकदम गुंजायला लागली. "अजून नवा हाय. रोज छेडत ऱ्हावा, वर्ष-दोन वर्षांत मोकळा बोलंल," तो म्हणाला. मी मान डोलावली. अशा ठिकाणी डोलवावीच.

परतताना सिटी बसमध्ये कानात नवा अल्बम लावला. वीस सेकंद ऐकला आणि विश्रामबाग यायच्या आत गाड्यावरच्या मंडळींना फोन करून टाकला, "दम नाही."

तुम्ही एवढी घाई करू नका. वीस सेकंद जरा जास्तच झाले.